साच्याखालचं नाव

३ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस, कारण पुढे सांगते. शाळेची तपासणी आटोपली का? खोकला गेला की अजून मुलांना खोकूनच गप्प करतेस? आणि ते भूगोलाचे सर अजून तुझ्या डब्यातली भाजी पळवतात का? पळवू देत. भाजी पळवणारा माणूस एकंदरीत बरा असतो.

माझं तेच ते. डॉक्टर लोक दातांची मापं पाठवतात, मी प्लास्टरचे साचे ओतते, साच्यावर कवळ्या बसवते आणि उन्हं उतरली की गुडघे धरून जिना चढते. आरशात माझे स्वतःचे दात बघायला मात्र वेळ नाही. सुताराच्या घरी तीन पायांची खुर्ची, तसं.

आता तू बस. उभ्याने वाचत असशील तर खुर्ची ओढून बस.

दादा आला आहे.

कोण दादा, असं विचारू नकोस. आपला दादा. अकरा वर्षांपूर्वी पोलिसांसमोर मी ज्याची ओळख पटवली, ज्याला आपण रडून निरोप दिला, ज्याच्या फोटोसमोर आई शेवटपर्यंत बसत असे, तो. गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो माझ्या लॅबच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तायडे, जाड झालीस की गं."

मी प्लास्टर कालवत होते. सख्ख्या भावाला मी "कोण पाहिजे?" असं विचारलं. त्याचे केस पांढरे झालेत, खांदे उतरलेत, एक बाही लांब आणि एक दुमडलेली, हातात रेक्झिनची बॅग. मग तो हसला आणि मला त्याचा पुढचा दात दिसला. तो दात मी केलेला. त्यानंतर किती वेळ उभी होते माहीत नाही. भानावर आले तेव्हा वाटीतलं प्लास्टर चमच्यासकट घट्ट झालं होतं. रबरी वाटी पिळून गोळा बाहेर काढला. तीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

आईचं त्याला मीच सांगितलं. चार वर्षं झाली, म्हटलं. तो लॅबमधल्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिला. "शेवटी काही म्हणाली का?" असं विचारलं. मी नाही म्हणाले. खोटं बोलले. शेवटी ती त्याचंच नाव घेत होती.

इतकी वर्षं कुठे होता, का गेला, हे तो नीट सांगत नाही. लिफ्ट बसवायची कामं करत गावोगाव हिंडलो, इतकंच. मीही खोदून विचारलेलं नाही. तुला खरं सांगू? मला धीर होत नाही. तो मागच्या खोलीत झोपतो. मी माझ्या खोलीची कडी लावते, जी मी इतक्या वर्षांत एकटी असतानाही लावली नव्हती. जेवताना त्याच्याकडे पाठ होईल अशी बसत नाही. आणि गंमत बघ, तोही तसाच वागतो. मी चहा ठेवला की आधी कपाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मी माझ्या कपातला एक घोट घेतला की मग पितो. एका ताटात जेवलेली भावंडं आम्ही, आणि आता दोन मांजरांसारखे एकमेकांच्या कडेकडेने फिरतो.

मग तो दुसरा कोण होता, हे तू विचारशीलच. सध्या विचारू नकोस. माझं डोकं जागेवर नाही. आणि लगेच धावत येऊही नकोस. तपासणी, परीक्षा, सगळं उरकू दे. मी कळवते.

औषध वेळेवर घे.

तुझी,
ताई

*

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वर्गातच वाचलं. मुलांना फळ्यावरची गणितं दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. एका मुलीने विचारलं, बाई, काय झालं? मी सांगितलं, माझा भाऊ जिवंत झाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तू त्या ओळखीचं मनाला लावून घेऊ नकोस. दात दातासारखा असतो, त्या वेळी आपल्या कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. इन्स्पेक्टरांनी घाई केली, तू चुकलीस, संपलं. मी तुला कधी काही बोलणार नाही.

ताई, एक सांगते, हसू नकोस. दादा येऊ शकतो तर हेही येतील. अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की तो माणूस माझ्यासाठी मेला. दारावरची त्याच्या नावाची पाटी मी स्वतः स्क्रू काढून उतरवली, तू शिडी धरली होतीस. पण कुलूप मी बदललेलं नाही. त्याच्याकडे जुनी किल्ली आहे. घर बदललं तेव्हा सुताराला सांगून जुनंच कुलूप नव्या दाराला बसवून घेतलं. सुतार म्हणाला, बाई, गंजलंय. मी म्हटलं, गंजू दे.

भूगोलाच्या सरांनी परवा पुन्हा लग्नाचं विचारलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं, की माझा नवरा आहे, कुठेतरी आहे. या वेळी सांगताना मला रडू आलं नाही.

दादाला विचार ना, दोघे एकाच दिवशी गेले, त्याला यांचा काही पत्ता असेल.

तुझी,
ठकू

*

२१ फेब्रुवारी

ठकू,

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तीन फाडली, कारण प्रत्येकात दुसऱ्या पानापर्यंत मी गुडघ्यांबद्दलच लिहीत होते. या वेळी आधी सांगण्याचं आधी सांगते, मग बाकीचं.

पेंटर येणार नाही. तुझा नवरा अकरा वर्षांपूर्वीच गेला. दादा म्हणून आपण ज्याला निरोप दिला तो पेंटर होता. माझी चूक झाली नव्हती. तेव्हाही मला माहीत होतं.

पत्र खाली ठेवावंसं वाटलं तर ठेव. पण मग पुन्हा उचल आणि शेवटपर्यंत वाच, कारण तुझ्या कामाची गोष्ट शेवटी आहे.

शिडीचा प्रसंग तुला आठवतो. पेंटर औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होता, दादा खाली शिडी धरून उभा होता आणि दोघांचा वाद चालला होता की पाटीवरचा 'औ' तिरका आहे की नाही. पेंटर 'औ' नीट बघायला मागे झुकला आणि थेट दादाच्या अंगावर आला. दोघांचा एकेक पुढचा दात गेला. पेंटरचा डावा, दादाचा उजवा. आपण तिघी किती हसलो होतो, आईने तर पदर तोंडात कोंबला होता. मी एकाच आठवड्यात दोघांच्या प्लेटा केल्या, टाळूला चिकटणाऱ्या, एकेका दाताच्या. आतल्या बाजूला माझी नेहमीची खूण, बारीक मासोळी. दोघांचे साचे फळीवर शेजारी शेजारी ठेवले आणि खाली पेन्सिलीने घरचीच नावं लिहिली, 'दादा' आणि 'पेंटर'.

इन्स्पेक्टर लॅबमध्ये आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. चाळीस किलोमीटर खाली कालव्याच्या जाळीत माणूस सापडलाय म्हणाला, दीड महिना पाण्यात होता, चेहरा ओळखण्यासारखा नाही, पण तोंडात हे होतं. मासोळीवरून तो माझ्यापर्यंत पोचला होता. मी पिशवी उजेडात धरली. डावा दात.

तेव्हा दोघेही दीड महिना घरी नव्हते. पेंटर तुला टाकून गेला असं तू धरून चालली होतीस, आणि दादाची तक्रार आईने पोलिसांत दिली होती. इन्स्पेक्टरने विचारलं, "तुमचा भाऊ ना?"

मी हो म्हणाले.

तो म्हणाला, खात्रीसाठी काही आहे का? मी म्हटलं, साचा आहे, आणते. आत गेले. पेंटरचा साचा उचलला, खालचं नाव कानशीने खरवडलं आणि तिथे 'दादा' लिहिलं. दुसऱ्या साच्याचं नाव खरवडून तिथे 'पेंटर' लिहिलं. दोन मिनिटांचं काम. बाहेर येऊन प्लेट साच्यावर बसवून दाखवली. ती बसणारच होती, टच्च बसली. इन्स्पेक्टरने साचा उलटा करून नाव वाचलं आणि टोपी काढली. बिचाऱ्याला माझी दया आली. साचा तो पुरावा म्हणून घेऊन गेला.

संध्याकाळी आईने माझा हात धरून विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "नक्की." जिवंत मुलासाठी ती सात वर्षं रडली आणि गेली. दादा स्टुलावर नाडी बांधत बसला होता तेव्हा मी हेच आठवत होते.

असं का केलं? सांगते.

पेंटर गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी तो आणि दादा लॅबच्या मागे भांडत होते. पेंटरला तुला घेऊन दुसऱ्या शहरात जायचं होतं, आणि आईला सोडून ठकूला नेऊ देणार नाही, म्हणून दादा अडून बसला होता. मी खिडकीत होते. दादा म्हणाला, "तिला नेलंस तर कालव्यात बुडवीन तुला." तू ऐकलं ते पेंटरचं घरी येऊन बोललेलं, की मी जातो निघून एकटाच. मी ऐकलं ते हे. दुसऱ्या दिवशी पेंटर गायब, दादाही गायब. आणि दीड महिन्याने कालव्यात पेंटर.

मला दुसरं काय वाटणार? मला वाटलं, दादाने केलं आणि पळाला. पेंटर ओळखला गेला तर उद्यापासून दादाला शोधतील. दादाच मेला तर कुणाला शोधणार? मेलेल्या माणसाला कुठलंही नाव चालतं, असं मी त्या दोन मिनिटांत ठरवलं. जिवंत माणसाचं काय होईल याचा विचार केला नाही. तू त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात नव्हतीस, ठकू. हे मी कसंही फिरवून लिहिलं तरी असंच आहे.

नंतर मात्र होतीस, रोज. पाटी उतरवताना मी शिडी धरली होती, तू लिहिलंस. मी काय म्हणाले ते लिहिलं नाहीस, विसरली असशील. "जाऊ दे मेल्याला, असले पुरुष टिकत नसतात," असं म्हणाले होते मी. त्या क्षणी सांगायला हवं होतं. माझी दातखीळ बसली ती अकरा वर्षं सुटली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, लोक सहज म्हणून जातात.

आता दादाचं ऐक.

गेल्या शनिवारी दुपारी तो लॅबमध्ये आला, रुमालाची पुरचुंडी पुढे केली. आत त्याची प्लेट, मधोमध दोन तुकडे. "अकरा वर्षं कुणाला दाखवली नाही," म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे टाकायचा धीर नाही. जमेल का?" दुरुस्तीला साचा लागतो. मी फळीवरून काढला. हात सवयीने गेला, मनाला विचारायला थांबला नाही. तुकडे साच्यावर ठेवले, टच्च बसले. दादाने साचा माझ्या हातातून घेतला, उलटा केला. 'पेंटर'. आणि त्याखाली कानशीचे ओरखडे.

त्याने ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे तुला माहीत होतं."

मी म्हटलं, "हो."

"मग का केलंस असं? काय केलं होतं त्याने तुझं?"

मला कळेना तो काय विचारतोय. मी म्हटलं, "मी? दादा, तू केलंस ना?"

ठकू, त्याचं तोंड उघडं, पुढे एक दात नाही, डोळे लहान मुलासारखे. मग तो मटकन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मी त्याला हातही लावला नाही गं."

तो पेंटर जायच्या दिवशी पहाटेच घरातून निघाला होता. राग आला की दोन-दोन महिने कामावर निघून जायची त्याची जुनी खोड, तुला माहीत आहे. डोकं थंड झालं की फोन करणार होता. पण त्याआधी वर्तमानपत्रात बातमी वाचली, की बहिणीने दातावरून ओळख पटवली. बातमी वाचताना त्याने जिभेने स्वतःचा दात चाचपला. तशीच एका पुढच्या दाताची मासोळीवाली दुसरी प्लेट त्याच्या माहितीत एकाच माणसाच्या तोंडात होती. म्हणजे पेंटर मेला. आणि तायडी, जी हातात घेऊन दात सांगते कुणाचा, ती खोटं बोलतेय. का बोलेल? त्याला एकच कारण सुचलं.

मला वाचवायला तो अकरा वर्षं मेलेला राहिला. मी ज्याच्यासाठी तुझा नवरा पुसला, तो मलाच खुनी समजून आईपासून लांब राहिला. चहाच्या कपाकडे का बघत होता, ते आता कळलं. परत का आलास, विचारलं, तर म्हणाला, "मेलेला राहून कंटाळा आला. म्हटलं, विष घालायचं तर घालू दे."

आम्ही हसलो की रडलो, मला आठवत नाही. लॅब दोन दिवस बंद ठेवली.

मग मी विचारलं, दादा, त्या भांडणात पेंटर शेवटी काय म्हणाला होता? मी खिडकी लावून घेतली होती, पुढचं ऐकलं नव्हतं. दादा म्हणाला, "म्हणाला की ओरडू नकोस, सकाळी लवकर उठायचंय, कालव्याच्या गेटवर काम आहे."

पेंटर कामाला कुठे जाणार हे अर्धं दादाकडे होतं आणि मी खोटं का बोलले हे अर्धं माझ्याकडे. दोन्ही अर्धी अकरा वर्षं दोन गावांत पडून होती.

आम्ही दोघे बुधवारी कालव्याच्या वरच्या गेटवर गेलो. तिथल्या भिंतीवर पाण्याची उंची दाखवणारे आकडे रंगवलेले आहेत, खालपासून वरपर्यंत. वरचे सात आकडे एकाच्या हातचे आणि खालचे दुसऱ्याच्या, अगदी गचाळ. वरच्यातला सात मी लांबूनच ओळखला. सातच्या शेपटीला छोटा झोका देणारा माणूस एकच होता. त्याच्या खालची पायरी शेवाळी आहे, दादासुद्धा उतरताना माझा हात धरून उतरला.

गेटवरचा रखवालदार म्हातारा झालाय. म्हणाला, "हो, आला होता एक पेंटर. मी चहाला गेलो, येऊन बघतो तर काम अर्धवट टाकून गायब. मग दुसरा आणला. असले लोक टिकत नसतात." माझंच वाक्य. मी तिथे भिंतीला टेकले.

त्याच्या कोठीत ब्रशांचा डबा होता. झाकणावर पेंटरचीच नक्षी, आत ब्रश पुसायची जुनी बनियन. आठवतं, तू म्हणाली होतीस, ब्रशांचा डबा घेऊन गेला, म्हणजे कायमचा गेला?

ठकू, तो तुला सोडून गेला नव्हता. तो कामावर गेला होता.

डब्यात किल्लीही आहे. मी तिला हात लावला नाही.

सोमवारी मी आणि दादा पोलिसांकडे जाऊन लेखी देणार आहोत. त्याचं जे होईल ते होईल, मला त्याची भीती वाटत नाही. माझ्या नावाने जे लिहायचं ते लिहू देत. पेंटरचं नाव मात्र परत कागदावर यायला हवं. घरच्या साच्याखाली मी 'दादा' लिहिलं आहे, पुसट पेन्सिलीने, कारण प्लास्टर आता तिथे फार खरवडलंय.

माफी मागत नाही. ती मागितली तर तू देशील, मी तुला ओळखते. मागच्या पत्रात माझी चूक समजून ती आधीच देऊन बसलीस, ती मला घशाखाली गेली नाही. भूगोलाच्या सरांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव.

पुढच्या रविवारी सकाळच्या बसने मी येते, डबा घेऊन. दादाला तू बोलावलंस तरच आणीन. आधी ते कुलूप बदलून घे, ठकू. नव्याची किल्ली मला देऊ नकोस. मी दार वाजवीन आणि बाहेर थांबेन. उघडायचं की नाही, ते तू ठरव.

ताई